गांधीलमाश्यांचा राजा

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता, आणि त्या राज्यात राजाचा आवाज कुणीच ऐकत नसे. तो तोंड उघडी, तेव्हा शब्दागणिक एक गांधीलमाशी बाहेर पडे आणि समोरच्याला डसे. म्हणून राजा आज्ञा पाटीवर लिही.

हे ओढवले त्याच्याच हातून. एकदा शिकारीत गांधीलमाशी डसून त्याचा घोडा उधळला, आणि राजा चिखलात पडला. जवळच मध काढणारा एक वनवासी उभा होता. राजाने चौकशी केली नाही. यानेच माश्या उठवल्या असे धरून रागाच्या भरात त्याचा शिरच्छेद करविला. त्या वनवासीची बायको विंध्यमाला मंत्र जाणत होती. तिने शाप दिला, तेव्हा राजकन्या मृणालवती पाळण्यात होती.

नऊ वर्षे राजा गप्प राहिला, पण राग गप्प राहिला नाही. त्याच्या छातीत रात्रंदिवस गुणगुण चाले. एके सकाळी सेवकाच्या हातून शाई सांडली, आणि राजा ओरडला, "मूर्खा!" नेमकी मृणालवती मध्ये आली. माशी तिच्या गळ्याला डसली. मुलीचे अंग काळेनिळे पडले, डोळे मिटले.

राजवैद्य म्हणाला, "महाराज, शाप सुटेपर्यंत हे विष उतरणार नाही. मुलीच्या हाती फार तर दोन महिने आहेत."

तेवढ्यात खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. "राजा, विंध्यमाला सात डोंगरांपलीकडे राहते. वाटेत दोन कामे आहेत, तिसरे तिच्या दारात. येतोस?"

राजाने मुकुट मुलीच्या उशाशी ठेवला आणि तो अनवाणी निघाला.

पहिल्या डोंगराखाली काळा डोह होता. साळुंकी म्हणाली, "छातीतली गुणगुण शांत होईल, तेव्हा पाणी वाट देईल."

राजा काठावर बसला. त्याने गुणगुण दाबून पाहिली, पाणी चढले. स्वतःवर चिडला; पाणी कमरेला लागले. अखेर थकून तो नुसता श्वास पाहू लागला. आत आला, बाहेर गेला. राग उठला की तो ओळखी, आणि पुन्हा श्वासाकडे वळे. अकराव्या दिवशी माश्या आतल्या आत निजल्या. पाणी दुभंगले.

पलीकडच्या झोपडीत एक म्हातारा पडला होता. राजाने त्याला ओळखले. हाच तो मारेकरी, ज्याने वनवासीवर तलवार चालवली होती. त्या दिवसापासून त्याचे हात थरथरत. घास तोंडापर्यंत पोचत नसे.

साळुंकी म्हणाली, "याचे हात थांबेपर्यंत याची सेवा कर. न दिलेले घेऊ नकोस, कुणाचा जीव घेऊ नकोस."

राजाने पेज शिजवली आणि भरवली. म्हाताऱ्याने ती त्याच्या तोंडावर थुंकली.

"तुझ्यामुळे मला झोप नाही," तो म्हणाला.

छातीत माश्या जाग्या झाल्या. राजा दारात जाऊन बसला, श्वास पाहिला, परत आला, पुन्हा भरवू लागला. असे कितीतरी दिवस चालले. एकदा म्हातारा रडत होता, आणि राजाला पहिल्यांदाच वाटले, याचे दुःख आणि माझे एकच आहे. त्याने जमिनीवर बोटाने लिहिले: हुकूम माझा होता. पाप माझे, तुझे नाही.

म्हाताऱ्याने ते वाचले. त्याने वाडगा स्वतःच्या हातांनी उचलला. पेज सांडली नाही.

सातव्या डोंगरापलीकडे विंध्यमाला दारात उभी होती. केस पांढरे झाले होते.

"तिसरे काम एवढेच," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा गुन्हा काय होता, ते तोंडाने सांग."

सांगायचे तर माश्या तिलाच डसणार. राजाने अंगावरचे घोंगडे डोक्यावरून घेतले आणि जमिनीपर्यंत घट्ट लपेटले. मग आतून बोलला.

"गुन्हा..."

माशी त्याच्याच गालाला डसली.

"गुन्हा काहीच नव्हता."

आणखी तीन डसल्या. त्याने घोंगडे सोडले नाही.

"राग माझा होता. तुझा नवरा निरपराध होता. बाई, तुझे दुःख मला आता दिसते."

शेवटच्या वाक्याला एकही माशी निघाली नाही. घोंगड्यात फक्त त्याचा आवाज होता, घोगरा आणि थकलेला.

विंध्यमालेने घोंगडे ओढून काढले. त्याचा सुजलेला चेहरा तिने पाहिला.

"मी क्षमा केलेली नाही," ती म्हणाली. "कदाचित करीन, कदाचित नाही. शाप मात्र सुटला. घरी जा, मुलगी उठली असेल."

राजाने तिला वाकून नमस्कार केला आणि तो धावत सुटला.

मृणालवती अंथरुणात बसून दूधभात खात होती. राजा उंबरठ्यात थबकला. सवयीने त्याचा हात तोंडावर गेला. त्याने श्वास घेतला, हात खाली केला.

"मृणाल, दुखतं का गं?"

मुलीचा घास तसाच राहिला. "बाबा, तुमचा आवाज असा आहे होय?"

राजा तिच्याशेजारी बसला. त्या राज्यात पुढे रागाच्या दिवशी कुणाला शिक्षा झाली नाही, आणि राजा रोज पहाटे श्वासापाशी बसत राहिला. पण त्या दिवशी तो मुलीशी फक्त बोलत होता, दूधभात संपून गेला तरी बोलत होता.