ढेकळाचा वास

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आता कुणालाच सांगता येणार नाही. तिथे नदीच्या वळणावर एक गाव होते आणि त्या गावाची एक रीत होती.

पेरणीआधी प्रत्येक शेतकरी आपल्या शेतातले एक ढेकूळ घेऊन चावडीवर यायचा. तिथे मातीची पारख करणारे आबा बसलेले असत. ढेकळावर ओंजळभर पाणी शिंपडून ते त्याचा वास घेत आणि एकच शब्द बोलत : "पेर" किंवा "थांब". थांब म्हटले की त्या शेताला विसावा. त्यात मेंढ्या बसवायच्या. ताग पेरायचा आणि फुलावर आला की मातीत गाडायचा. पिकाच्या कडेने झेंडू असे, कीड आधी तिकडे वळावी म्हणून. शेतात काठ्या रोवलेल्या असत, पाखरांनी बसून अळ्या टिपाव्यात म्हणून. थोडे किडीचे, थोडे पाखरांचे, उरलेले आपले, असे गाव मानत असे.

आबा बारा वर्षे गुरूघरी शिकले होते. पण जितके शिकले तितकी त्यांची स्वतःवरची खात्री कमी होत गेली. दाराला कडी लावली की नाही, हे पाहायला ते अर्ध्या वाटेवरून माघारी येत.

एका वर्षी तुरीवर अळी पडली. त्याच सुमारास परमुलखातला एक व्यापारी पिवळी भुकटी घेऊन आला. पाटलाने ती सर्वांआधी आपल्या शेतात धुरळली. अळ्यांचा सडा पडला.

"आबा," पाटील चावडीवर येऊन म्हणाला, "तुमच्या झेंडूला सात पिढ्यांत जमलं नाही, ते चिमूटभर धुळीनं एका दिवसात केलं!"

सगळे हसले. आबाही कसनुसे हसले. मग साऱ्या गावाने भुकटी धुरळली. एकच शेत सुटले, तळ्याकाठच्या म्हातारीचे. ते शेत फार दमले होते, म्हणून आबांनी तिला तीन वर्षे थांबायला सांगितले होते.

पुढच्या पेरणीला आबांनी पाटलाचे ढेकूळ भिजवले. वास आलाच नाही. दुसरे भिजवले, तिसरे भिजवले. राख हुंगावी तसे. 'माती अशी कशी होईल? वय झालं. आपलं नाकच गेलं असणार,' त्यांना वाटले. समोर माणसे ताटकळली होती.

"काय म्हणते माती?" पाटलाने विचारले.

"पेर," आबा म्हणाले.

त्या वर्षी भुकटी दुप्पट लागली आणि पीक निम्मे आले. पुढच्या पेरणीलाही वास नव्हता. एकाही ढेकळात गांडूळ नव्हते. आबांना ते दिसले. 'बोलावं का?' असे मनात आले. 'आणि आपलंच चुकत असेल तर?' ते पुन्हा म्हणाले, "पेर."

तिसऱ्या वर्षी रांगेच्या शेवटी तळ्याकाठची म्हातारी उभी राहिली. "माझी तीन वर्षं भरली, आबा. आता तरी सोडा मला!" तिने ढेकूळ पुढे केले.

आबांनी पाणी शिंपडले. त्याच क्षणी असा दाट, गोड वास उठला, की त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्यांचे नाक शाबूत होते. दोन्ही वर्षे शाबूतच होते.

"पाटील," ते म्हणाले, "तुमची सगळ्यांची माती मेलीय. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग पेर का म्हणालात?"

"वाटलं, चूक माझीच असेल."

पाटील म्हणाला, "आम्ही तुमच्या नाकावर भरवसा ठेवला, आबा. तुम्हीच ठेवला नाहीत."

म्हातारी हळूच म्हणाली, "बोलला असतात, तर लोक हसले असते. एवढंच ना?"



त्या वर्षी साऱ्या शिवाराला "थांब" मिळाले. पण तागसुद्धा धड उगवेना. ज्यांच्या घरी दाणा नव्हता ते गाव सोडून गेले आणि पुन्हा परतले नाहीत. म्हातारीने आपल्या शेतातली माती टोपल्याटोपल्यांनी सर्वांना वाटली, दुधाला विरजण लावावे तशी. हळूहळू एकेका शेताला वास येऊ लागला. पाटलाच्या शेतात भुकटी सर्वांत जास्त पडली होती. तो दर वर्षी ढेकूळ आणायचा आणि विचारायचा, "आला का, आबा?"

"नाही, पाटील," आबा स्पष्ट सांगत. आबांच्या शेवटच्या आजारपणातही पाटलाने ढेकूळ त्यांच्या उशाशी आणले. आबांनी वास घेतला, नकारार्थी मान हलवली आणि डोळे मिटले.

तात्पर्य : मातीत टाकलेले विष जितकी माती मारते, तितकीच जाणत्याने मनात दाबलेली शंकाही मारते.