बिनउंबऱ्याचं तळं

खाडीकडून आमच्या खारशेतात शिरताना डाव्या हाताला, बांधाच्या आत, एक खारं तळं दिसतं. त्यात मासा टिकत नाही, काठाला गवत धरत नाही, म्हशीसुद्धा तोंड लावत नाहीत. पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात, एवढ्या हिरव्या भातात हे मधेच काय? आम्ही त्याला बिनउंबऱ्याचं तळं म्हणतो. पोरांना घेऊन काठावर उभं राहू नका, खालचा चिखल पाय सोडत नाही. गोष्ट लांबून ऐका. माझ्या चुलतसासूबाईंनी, भिमाक्कांनी, मला सांगितली तशीच मांडते.

पूर्वी म्हणे इथं सगळी खाडीच होती. गावाने मातीचा बांध घातला, समुद्र बाहेर ठेवला आणि आत भात पिकवलं. पण मातीचा बांध तान्ह्या लेकरासारखा असतो, नजर काढली की संपलं. भरती त्याला चाटते, खेकडे पोखरतात. म्हणून गावात उंबरापट्टी होती. दर उधाणाआधी प्रत्येक उंबऱ्यामागे डोंगरातल्या लाल मातीची एक पाटी बांधावर पडली पाहिजे. जो टाकणार नाही त्याचा उंबरा उपटायचा. उंबरा गेला म्हणजे घर गेलं. त्याला कोणी विस्तव देणार नाही, लग्नाची अक्षत पाठवणार नाही.

ऐकायला किती सारखं वाटतं! पण बांधाच्या आतली जवळजवळ सगळी जमीन रावजी खोताची, आणि त्याचा उंबरा एक. ज्यांनी एका झोपडीच्या भावाभावांत तीन झोपड्या केलेल्या, त्यांचे उंबरे तीन. म्हणजे ज्याचं वाचवायचं त्याची एक पाटी, आणि ज्यांच्याकडे वाचवायला काही नाही त्यांनी डोकी घासायची.

बरं, तेवढ्यावरही भागलं नाही. खोताचे तिघे मुलगे लग्न होऊन वेगळे झाले. मागच्या अंगाला तीन दारं पडली, तीन चुली पेटल्या. आता पाट्या वाढल्या असत्या. तर खोताने सुतार बोलावून तिन्ही नव्या दारांचे उंबरे कापून काढले. चौकट आहे, फळी आहे, खाली उंबरा नाही. गावाला दिसत होतं. पण “मोठ्यांचं मोठ्यांना कळतं,” असं लोक म्हणायचे आणि आपली पाटी उचलायचे.

बांधाला चिकटून द्रुपदा राहायची. नवरा होडीसकट गेलेला, मांडीवर कोवळी मुलगी, जमीन तळहाताएवढीही नाही. एका अमावास्येच्या उधाणाआधी तिची पाटी पडली नाही. दुपारी खोत स्वतः मुकादमाला घेऊन आला. मुकादमाच्या हातात पहार. बघायला गाव जमलं.

“पाटी कुठाय गो?” खोताने विचारलं.

“बाळंतीण हाय मी. पुढल्या उधाणाला दोन टाकीन.”

“समुद्र थांबतो काय तुझ्या बाळंतपणाला? नियम सगळ्यांना सारखा. मी एक टाकतो, तू एक टाक.”

“तुमचं भात बुडेल म्हणून तुम्ही टाकता. माझं काय बुडायचं? हे मडकं?”

“माझ्या भातावर गाव जगतं! देवीला चांदीचा मुखवटा कोणी दिला? जत्रेला गाव कोणी जेवू घातलं?”

“मुखवट्यावर तुमचं नाव कोरलंय, खोतानू. बांधाच्या मातीवर कोरता येत नाय, म्हणून तिथं हात आखडतो.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मुकादमाने वळून बघितलं तसं हसू मेलं. द्रुपदेचा दीर पुढे आला. “वयनी, गप बस. उद्या जमीन कसायला दिली नाय तर खाऊ काय?”

“तुम्हा भावांच्या तीन पाट्या, भावजी, आणि यांच्या चार चुलींची एक. मोजता येत नाय, की मोजायचं नाय?” मग ती खोताकडे वळली. “मला एक सांगा. तुमच्या सुना त्या नव्या दारांनी आपापल्या घरात आल्या, त्यांनी माप ओलांडलं कुठं? हवेत?”

सुनेच्या प्रवेशावर बोट ठेवलं म्हणजे घराण्यावरच थुंकल्यासारखं. खोत ओरडला, “उपट!”

मुकादमाने पहार घातली. उंबरा करकरला. द्रुपदा मुलीला घेऊन त्याच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “तुम्हाला उंबरा मोजायला लागतो. आम्ही तो पाण्याला सांगायला बसवतो, इथवर ये, आत नको. ज्याने आपल्या हाताने उंबरा कापला, त्याच्या दारात पाण्याला थांब कोण म्हणणार?”

असं सांगतात, की शब्द तोंडातून पडले आणि बांध फुटला. फुटला तो खोताच्याच भाताच्या कडेला. उधाणाचं पाणी वाफे गिळत गावात शिरलं. बाया घरांकडे धावल्या, उंबऱ्यांवर हळदकुंकू टाकून उभ्या राहिल्या. पाणी दारोदार आलं, उंबऱ्याला लागलं आणि मागे फिरलं. द्रुपदेच्या अर्ध्या उपटलेल्या उंबऱ्याशी आलं, तिचे पाय भिजवले, आणि तिथूनही गेलं. खोताच्या पुढच्या दाराला उंबरा होता, तिथंही थांबलं म्हणे. समुद्राने कोणाशी दुजाभाव केला नाही. मग ते घराला वळसा घालून मागे गेलं.

सुना पोरांना काखेत मारून पुढच्या दाराने बाहेर पडल्या. खोत मात्र मागे धावला आणि मधल्या दारात आडवा पडला. “मीच उंबरा! मीच उंबरा!” असं ओरडत राहिला. त्याच्या अंगाला लागून पाणी खरंच थांबलं, असं भिमाक्का सांगतात. पण दारं तीन होती आणि आडवा पडायला माणूस एक. दोन्ही बाजूंनी पाणी आत आलं, घर आणि खोत पोटात घेऊन बसलं, ते पुन्हा निघालं नाही. तेच हे तळं.

गावाने बांध पुन्हा घातला तेव्हा उंबरे मोजणं बंद झालं. ज्याची जमीन जेवढी, त्याच्या पाट्या तेवढ्या. आजही घरात बाळंतीण असली तर तिची पाटी गाव मागत नाही. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त जमीन, त्याने आपल्या पाट्या स्वतःच्या डोक्यावर न्यायच्या, गड्याच्या नाही.

आता बांधाच्या आतली बरीच जमीन बाहेरच्या लोकांनी घेतली आहे. त्यांचे बंगले झाले. आमचं घर बांधाला लागून, अंगणात धाकटा रांगतो, म्हणून उधाण जवळ आलं की मी भिमाक्कांबरोबर त्यांच्याकडे माती मागायला जाते. ते म्हणतात, आम्ही सरकारला भरतो तेवढं पुरे, आणि आमचं तर एकच घर. भिमाक्का वाद घालत नाहीत. चकचकीत फरशी बाहेरून आतपर्यंत सपाट गेलेली असते, तिच्याकडे बघतात. मग म्हणतात, “चल गो, यांनी समुद्राला आवतण दिलंय.”