छपरावरचे सोन्याचे मासे

एक होता राजा, तिकडे लांब जपानात. त्याची राणी हिसानो आणि चिमुरडी लेक किकू. त्यांचा किल्ला पांढराशुभ्र, आणि छपराच्या दोन टोकांना मासे! सोन्याचे! तोंड वाघाचं, शेपूट माशाचं. एक नर, एक मादी. किल्ल्याला आग लागली की पाणी ओकायचं, हे त्यांचं काम. हसताय काय रे? तिकडे बसवतात छपरावर मासे, बरं का.

आपल्याकडे पोळ्याला बैलांचा मान, तसा तिथे वर्षातून एकदा किल्ल्याचा मान. लोक दरवाजा धुवायचे, भाताचे लाडू ठेवायचे, वाकून म्हणायचे, "वर्षभर सांभाळलंस रे बाबा."

त्या वर्षी राणी म्हणाली, "लोकांनी माना वर करून किती बघायचं? नर मासा खाली आणा. एकच तर दिवस!" झालं! दोर लावून आणला की अंगणात.

मग सकाळी छपरावरून टपटप थेंब पडले. लोक म्हणाले, दंव असेल. मग दुपारी पागोळ्या लागल्या. ऊन तर रखरखीत! राणीने वर बघितलं, पण म्हणाली, जाऊ दे. मग दिवेलागणीला थेंब थांबले, आणि अगं बाई गं, अंगणातला मासा चक्क बोलला! "राणीसाहेब, माझी बायको वर एकटी आहे हो! दिवसभर रडतेय. आता तिच्यात थेंबसुद्धा उरला नाही."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कंदील कलंडला आणि भडका! आणि किकू तिथेच झोपलेली!

मासोळीने जबडा उघडला. कोरडा ठणठणीत! राणीच किंचाळली, "अरे, बघताय काय? मासा वर ओढा!" राजाने ओढलं, आचाऱ्याने ओढलं, राणीच्या तर तळहातांची सालटी निघाली. मासा जागेवर टेकला. त्याला बघून मासोळीला असं रडू फुटलं, असं रडू फुटलं, की दोघांच्या पाण्याने आग विझली.

किकू नखशिखांत भिजून बाहेर आली. राणीने तिला पोटाशी घट्ट धरलं, वर बघितलं, आणि तिला हुंदका आवरेना. "चुकले गं बाई! तुझा संसार मोडून मी जत्रा भरवली."

तेव्हापासून मानाच्या दिवशीही मासे कुणी उतरवत नाही. मान दुखली तरी लोक खालूनच बघतात. राजा, राणी, किकू, सगळे सुखात राहिले. चला, पांघरुणं घ्या आता. आणि कुणाला पाणी प्यायचं असेल, तर आत्ताच उठा.