वीतभर ताजा बर्फ

"सोमवारपर्यंत पडेल का, महाराज?"

वऱ्हाडी महाराज चहात गूळ ढवळत होते. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग हेरंब दाबक्यांकडे.

"मले काय इचारतं? हवामानवाला तू हायस."

ते खरंच होतं. भैरवधारच्या स्कीइंगच्या उतारावर रात्रीत किती बर्फ पडला, वारा किती, समोरचं कुठवर दिसतं, कुठला उतार चालू आणि कुठला बंद, हे रोज सकाळी हेरंब मोजून सांगत. त्यांनी हो म्हटलं की रोपवे हलायचा. नाही म्हटलं की भलेभले हॉटेलात पत्ते कुटत बसायचे. हाच रिपोर्ट मग सगळीकडे फोनवर दिसायचा.

"देव एकवेळ चुकेल, माझी फळी चुकणार नाही," हे त्यांचं पालुपद. उताराच्या वरच्या अंगाला महाराजांचं खोपट होतं. तिथं रोज चहाला येऊन हेरंब ते न चुकता ऐकवत. महाराज वऱ्हाडातून हिमालयात कधी आले, का आले, कुणाला ठाऊक नव्हतं. बोली मात्र त्यांनी येताना बरोबर आणली होती.

फळी म्हणजे तशी काही दिव्य वस्तू नव्हे. रोपवेच्या इमारतीमागे सावलीत ठेवलेली पांढरी लाकडी फळी. रात्रीत तिच्यावर जेवढा पडेल तो ताजा बर्फ. सकाळी पट्टीनं मोजायचा आणि फळी लगेच पुसून कोरडी करायची. नाहीतर कालचा आजच्यात मिसळतो.

"पाडा ना, महाराज. एवढी तपश्चर्या केलीत."

"माह्या हातात असतं, तं हे घोंगडं कायले पांघरलं असतं?"

हेरंबांना हसू आलं नाही.

"तुले कायले पाह्यजे बर्फ?"

"लोकांची सोय, महाराज. हॉटेलं ओस पडलीत..."

"..."

"ऋजुता येतेय," हेरंब म्हणाले. "माझी मुलगी."

महाराजांनी कप खाली ठेवला.

पुढचं सांगणं हेरंबांना जड गेलं. ऋजुता याच उतारावर लहानाची मोठी झाली. चालायच्या आधी घसरायला शिकली, असं तिची आई म्हणायची. ती आई एका हिवाळ्यात आजारी पडली आणि एका सकाळी गेली. त्या वेळी हेरंब बाहेर फळी पुसत होते.

"थोडा वेळ थांबली नसती का तुमची फळी, अप्पा?" एवढंच पोर बोलली. तेरावं झालं आणि बॅग भरून बंगळूरला निघून गेली.

त्याला तीन हिवाळे झाले. तिचा फोन नाही. बापही मानी. फोनकडे हात जायचा आणि मागे यायचा. आठवण मात्र अशी यायची की भरल्या ताटावरून उठावं लागे.

ती आपला रिपोर्ट वाचत असेल, ही एक आशा होती. बर्फ चांगला पडला की ती येईल, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. आणि यंदा बर्फानंच डोळे वटारले. रात्री जेमतेम बोटभर पडायचा, दुपारच्या उन्हात उतार पुन्हा उघडाबोडका.

"मग मी फळी पुसायची सोडली," हेरंब खाली बघत म्हणाले.

"मंग?"

"ती सावलीत असते, तिथला बर्फ वितळत नाही. साठत गेला. मी रोज सगळा मोजायचो आणि रात्रीचा ताजा म्हणून लिहायचो. काल वीतभर भरला."

"लोक आले?"

"दोन गाड्या भरून आले. मला शिव्या घालून गेले."

"आनि पोरगी?"

हेरंबांनी फोन पुढे केला. महाराजांनी मान हलवली. "तूच वाच. मले काई दिसत नाई."

"अप्पा, रिपोर्ट वाचला. वीतभर पडलाय? खरंच? मग सोमवारी येते."

हेरंबांनी ते पुन्हा एकदा वाचलं. "तीन वर्षांनी अप्पा म्हणाली, महाराज."

महाराजांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"खरं कळवलं तर ती येणार नाही. खोटं कळवलं तर येईल, उघडा उतार बघेल आणि पुन्हा जन्मात माझं तोंड बघणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आता बर्फच पडायला हवा. दुसरा उपाय नाही."

"..."

"काहीतरी बोला."

महाराज उठले. गमबूट पायांत चढवले, घोंगडं खांद्यावर टाकलं. "चाल."

दोघं उतारावरून खाली आले. गवत सगळीकडून डोकं वर काढून होतं. रोपवेचे पाळणे रिकामे लटकत होते. इमारतीमागच्या फळीवर मात्र वीतभर बर्फ छान ऐटीत बसला होता.

महाराजांनी घोंगड्याच्या टोकानं तो झाडून टाकला. फळी कोरडी पुसली. आणि हेरंब काही म्हणायच्या आत तिच्यावर मांडी घालून बसले.

"महाराज! उठा. तिथं बर्फ पडायचा असतो."

"पडला काय?"

"नाही, पण..."

"मंग तवर मानूस बसू दे."

हेरंबांच्या कपाळाची शीर उडू लागली. त्या फळीला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. बायको चहा घेऊन यायची, तर लांबूनच "तिकडेच थांब" म्हणून ओरडायचे. ती बिचारी कप धरून तिकडेच थांबायची. चहा निवून जायचा.

तो कप त्यांना आता डोळ्यांसमोर दिसला. राग कुठल्या कुठे गेला.

त्यांनी फोन काढला. आधी रिपोर्ट दुरुस्त केला. ताजा बर्फ नाही. सगळे उतार बंद. आठवडाभराचे आकडे खोटे, चूक माझी. मग ऋजुताला लिहिलं, "बर्फ नाही. मी खोटं लिहिलं होतं."

"आनखी?" महाराजांनी विचारलं.

"रिपोर्ट एवढाच असतो."

"..."

हेरंबांचा अंगठा फोनवर बराच वेळ अडून राहिला. "मी तुझी वाट बघतोय," त्यांनी लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

तिनं वाचल्याची खूण उमटली.

उत्तर आलं नाही.

दोघं थांबले. आभाळ स्वच्छ होतं, ढगाचा मागमूस नव्हता. खालच्या हॉटेलातून कुणीतरी रिपोर्टवरून आरडाओरडा करत होतं, पण हेरंबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते फोनकडेच बघत होते. पोरगी लहानपणी उतारावर पडली की आधी बापाकडे बघायची आणि मगच रडायची, ते त्यांना आठवत होतं. एकदा तरी ती दिसावी, बाकी काही नको, असं त्यांना झालं होतं.

उत्तर नाहीच आलं.

"संपलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आता ती कशासाठी येईल, महाराज?"

महाराज फळीवर थोडे सरकले आणि त्यांनी हेरंबांना बसायला जागा केली.

"बर्फासाठी नाई."