ठकूबाईनं घेतला कळपात

फार वर्षांपूर्वी, कोळदऱ्यातून घाट उतरायला नुसती बैलगाडीची वाट होती, तेव्हा गावाच्या कडेला ठकूबाई नावाची म्हातारी धनगरीण राहायची. पाय अधू झाला, तशी तिनं मेंढरं भावाच्या हवाली केली आणि ती इथंच टेकली. तिला कुत्र्याचं रक्त कळायचं, असं म्हणतात. पिल्लाच्या मानेवरून हात फिरवला, की त्याच्या आजी-पणजीनं कुठलं काम केलं, ते ती सांगायची.

पाटलांनी एकदा राखणीला म्हणून एक कारवानी कुत्रा दारात बांधला. तो दिवसभर दावं कुरतडायचा. ठकूबाई म्हणाली, "पाटील, ह्यो सशामागं पळणाऱ्यांच्या पोटचा हाय. ह्याला माळ दावा." रोज माळावर मोकळा धावू लागला, तसा तो कुत्रा घरी येऊन लेकरासारखा झोपायला लागला.

गावातल्या गोजरा नावाच्या पोरीकडेही एक कुत्रा होता, मेंढरं राखणाऱ्या कुत्रीचा. रंग राखेसारखा, म्हणून नाव राख्या. तो लहानपणापासून गोजराच्या पाठोपाठ असायचा.

गोजराचं लग्न घाटाखालच्या कोंडिबाशी लागलं. पाठवणीला गोजरा गाडीत बसली, आणि राख्या बैलांपुढं आडवा उभा राहिला. कोंडिबा त्याला हाकलायला गेला, तर राख्यानं त्याच्या धोतराचा सोगा फाडला.

"पिसाळलाय," कुणीतरी म्हणालं. वऱ्हाडानं काठ्या उचलल्या. गोजरानं गाडीतून उडी टाकून राख्याच्या गळ्याला मिठी मारली.

ठकूबाई लंगडत पुढं आली.

"काठ्या खाली ठेवा. पिसाळलेला न्हाई त्यो. त्याच्या सात पिढ्यांनी येकच काम केलं, कळपातलं मेंढरू परक्याला न्यू द्यायचं न्हाई. आज तुमी त्याचं मेंढरू न्यायला आलायसा."

"मग आम्ही काय करायचं, म्हातारे?" कोंडिबाच्या बापानं विचारलं.

"नवरदेवाला कळपात यायला लागंल."

तिनं अंगणात आपली घोंगडी अंथरली. तिच्यावर गोजरा, तिचे आईबाप आणि कोंडिबा यांना बसवलं, आणि एका भाकरीचे चार तुकडे करून दिले. कोंडिबाला म्हणाली, "हात पुढं करू नगं. त्याच्या डोळ्यात बघू नगं. त्याचा त्यो यिऊ दे."

ऊन कलायला लागलं. निघायची वेळ टळली, वऱ्हाडी कुरकुरले, पण पायाला मुंग्या आल्या तरी कोंडिबा हलला नाही. अखेर राख्या आला. चौघांभोवती फिरला, कोंडिबाला हुंगलं, आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसला. रडून डोळे सुजलेली गोजरा तेव्हा कुठं हसली.

गाडी निघाली, तसा राख्याही निघाला. घाटात लांडगे वाट अडवून उभे होते. राख्या पुढं झाला आणि लांडग्यांनी माना खाली घालून वाट दिली, असं म्हणतात. बैलांच्या घुंगरांचा ठेकासुद्धा चुकला नाही. पुढं दर दिवाळीला गोजराची गाडी माहेरी यायची, तेव्हा राख्या पुढं चालायचा. तो होता तोवर दोन्ही गावांतलं एकही मेंढरू लांडग्यानं नेलं नाही. राख्याच्या लेखी दोन्ही गावांचा आता एकच कळप होता, असं म्हातारी माणसं सांगतात.

आजही कोळदऱ्यात पाठवणीआधी अंगणात घोंगडी अंथरतात. नवरदेव तिच्यावर बसतो आणि गल्लीतल्या कुत्र्याची वाट बघतो. कुत्र्याला कुणी बोलवायचं नाही, भाकरी दाखवायची नाही. बाहेर जीप उभी असते, ड्रायव्हर घड्याळ बघत असतो, पण कुणी घाई करत नाही. कुत्रा येऊन नवरदेवाला हुंगतो, तेव्हा बायका म्हणतात, "ठकूबाईनं घेतला कळपात." मग नवरी उठते आणि जीप सुरू होते.