नरसम्माचं सुतक

नरसम्मा बिडी वळायच्या. दर सोमवारी उपास सोडला की अंगणात बायकांना जमवून मजुरीचा कायदा आणि मताचं मोल समजावून सांगायच्या. नगरपालिकेच्या मतदानाला तीन दिवस उरले आणि त्या खोकल्याने गेल्या.

दुसऱ्याच दिवशी बिडी कारखान्याचे मालक गुलाबशेठ, जे स्वतःच उमेदवार होते, बेलभंडाऱ्याचं ताट घेऊन त्याच अंगणात आले.

"बायांनो, भंडारा उचला आणि मत मलाच देणार म्हणून शपथ घ्या. नाहीतर उद्यापासून बिडीची पानं-तंबाखू देणं बंद!"

मत तर लाल बावट्याला द्यायचं ठरलेलं; देवाची खोटी शपथ कोण घेणार? तेवढ्यात त्यांच्यातली हौसाबाई डोळे पुसत उठली.

"शेठ, आम्हाला सुतक आहे. दहा दिवस देवाला शिवता येत नाही."

"कसलं सुतक? ती तेलुगू, तू धनगराची. ती तुझी कोण?"

"परवाच्या सभेत तुम्हीच म्हणालात ना, कारखाना म्हणजे एक कुटुंब! मग सुतक तुम्हालाही आहे. तुम्ही ताटाला हात कसा लावलात?"

दारात मतदार जमले होते. शेठ ताट घेऊन निघून गेले.

लाल बावट्याची उमेदवार निवडून आली. पण गुलाल कुणी उधळला नाही. नरसम्मांचा दहावा व्हायचा होता, आणि सुतक बायांनी खरोखरच धरलं होतं.