मार्तंडरावांचं मोठं रिव्हॉल्वर

सह्याद्रीच्या उतारावरच्या एका गावी मार्तंडराव नावाचे गृहस्थ राहत. त्यांचा कौलांचा कारखाना होता. कारखाना बरा चालत होता, घरची माणसं गुणी होती, तब्येत ठणठणीत होती. तरीही मार्तंडरावांना चैन म्हणून नव्हतं. जेवताना ते मध्येच उठून दारापर्यंत जाऊन यायचे. कुणाशी बोलत असले तरी त्यांची नजर त्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे, आणखी कोण बघतंय याचा शोध घेत असायची. नवा कोट शिवला, तर तो अंगाला नीट बसला की नाही, हे त्यांना आठवायचं नाही. तो कुणाकुणाच्या नजरेत भरला, हे मात्र पक्कं लक्षात राहायचं.

त्यांच्या घरी केतकी नावाची भाची शिकायला राहिली होती. केतकीला नेमबाजीचा नाद होता. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत नेमबाजीचं मैदान होतं. खाणीचे कडे उंच होते, त्यामुळे गोळी बाहेर जायची भीती नव्हती. दर रविवारी सकाळी परवाना असलेली हौशी मंडळी तिथं जमत. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या भागीरथीबाई सगळ्यांना शिकवत. त्या हळू बोलायच्या, पण मैदानावर त्यांचाच शब्द शेवटचा.

एका रविवारी केतकी मामांना तिथं घेऊन गेली. भागीरथीबाईंनी त्यांच्या हातात मैदानावरचं एक लहान रिव्हॉल्वर दिलं आणि उभं कसं राहायचं ते शिकवलं. मार्तंडरावांनी नेम धरला, श्वास रोखला आणि चाप हळूहळू मागं ओढला. तेवढ्या वेळात त्यांच्या डोक्यात दुसरं काहीच आलं नाही. कोण बघतंय, हेही नाही. गोळी लक्ष्याच्या मधोमध लागली नव्हती, पण ते फार खूश झाले. घरी जाऊन शांतपणे जेवले आणि ताटावरून एकदाही उठले नाहीत.

मग ते दर रविवारी जाऊ लागले. केतकी छोट्या पिस्तुलाचा सराव करायची, कारण थंडीत राज्याच्या संघाची निवड होणार होती. शेजारी मामा आपलं लहान रिव्हॉल्वर चालवायचे. हळूहळू त्यांचा हात बसत चालला.

तेवढ्यात मैदानावर जयाजीराव आले. ते शेजारच्या गावचे बागाईतदार. त्यांच्यापाशी एक मोठं मॅग्नम, म्हणजे जादा दारूची जोरदार काडतुसं झाडणारं रिव्हॉल्वर होतं. त्याचा बार उडाला, की कड्यांवरची कबुतरं उठायची आणि मैदानावरचा प्रत्येक माणूस वळून बघायचा. एकदा मार्तंडराव गोळ्या झाडून थांबले, तेव्हा त्या लहान रिव्हॉल्वरचा आवाज जणू ऐकूच आला नाही असं दाखवत जयाजीराव हसत म्हणाले, "सुरू करा की मार्तंडराव. आम्ही केव्हाची वाट बघतोय."

सगळे हसले. मार्तंडरावही हसले. जयाजीरावांच्या मनात काही नव्हतं, पुढच्या क्षणी ते बोललेलं विसरूनही गेले. मार्तंडराव मात्र विसरले नाहीत. आठवडाभर कारखान्यात, अंगणात, ताटावर ते तेच घोळवत राहिले. रविवार उजाडला, तेव्हा त्यांना लहान रिव्हॉल्वर हातात धरवेना.

"मला स्वतःचं मॅग्नम घ्यायचंय," ते भागीरथीबाईंना म्हणाले.

"घ्या की," बाई म्हणाल्या. "पण कशासाठी?"

"असंच. हौस."

"मग आधी चालवून बघा. ज्यानं भरपूर गोळ्या झाडल्यावरही आणखी झाडाव्याशा वाटतील, ते घ्या. पहिल्याच गोळीनंतर ठेवून द्यावंसं वाटेल, ते नको."

मार्तंडरावांनी मान हलवली. पण ऐकलं की नाही, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी कावसशेठ यांचं बंदुकांचं जुनं दुकान होतं. मार्तंडराव तिथं खेपा घालू लागले. एका खेपेला रिव्हॉल्वरची मूठ धरून बघायचे, दुसऱ्या खेपेला नळीची लांबी. घेतो म्हणायचे आणि बसस्थानकावरून परत फिरून, नको म्हणायचे. कावसशेठ कंटाळले नाहीत. त्यांनी दोन मॅग्नम रिव्हॉल्वर काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"नुसती निशाणबाजीची हौस आहे ना? मग हे मधल्या ताकदीचं घ्या," ते म्हणाले. "पोलाद भरभक्कम आहे, नळी लांब आहे, त्यामुळे हाताला धक्का कमी बसतो. यात जोरदार काडतूस चालतं आणि जरा आखूड, सौम्य काडतूसही चालतं. सवय होईल तसं वाढवत जा. मूठही तुमच्या पंजात बसते."

"आणि ते दुसरं?"

"त्याची ताकद फार मोठी आहे. चालवणारे चालवतात. पण तुमचं बोट त्याच्या चापापर्यंत पुरतं पोचत नाही, तुम्हीच बघा."

मार्तंडरावांनी बघितलं. बोट खरंच पोचत नव्हतं. ते मधल्या रिव्हॉल्वरकडे हात नेणार, एवढ्यात दुकानात एक अनोळखी गिऱ्हाईक शिरलं. त्याची नजर मोठ्या रिव्हॉल्वरवर गेली आणि तिथंच खिळली. मार्तंडरावांनी ते पाहिलं. निवड तिथंच झाली.

परवान्याचे सोपस्कार उरकले आणि मोठं रिव्हॉल्वर मैदानावर आलं. पहिला बार उडाला, तेव्हा सगळं मैदान वळलं. जयाजीराव स्वतः जवळ आले आणि म्हणाले, "वा, आता खरं." मार्तंडरावांच्या तळव्याला मुंग्या आल्या होत्या आणि मनगटातून कळ निघत होती. ते हसत राहिले. गोळी कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही. ती लक्ष्याच्या बरीच अलीकडे, मातीत रुतली होती.

पुढंही तसंच होत गेलं. त्यांनी मूठ बदलून घेतली, काडतुसं बदलून पाहिली, कधी वाऱ्याला दोष दिला. गोळ्या मातीतच जात राहिल्या. पूर्वी ते रविवारची वाट बघायचे. आता शनिवारपासूनच ते न जाण्याची निमित्तं शोधू लागायचे. चाप ओढण्याआधीची ती शांतता केव्हाच नाहीशी झाली होती. तरी ते जायचे, कारण न जावं तर लोक काय म्हणतील?

एकदा केतकी हळूच म्हणाली, "मामा, गोळी सुटायच्या आधीच तुमचे डोळे मिटतात."

"ऊन येतं डोळ्यांवर," मार्तंडराव म्हणाले.

केतकीनं आभाळाकडे पाहिलं. ढग होते.

एका रविवारी शहरातून काही पाहुणे मैदान बघायला आले. त्यांना मार्तंडरावांच्या रिव्हॉल्वरचं फार कौतुक वाटलं. एकानं विचारलं, "हे पेलायला जबरदस्त ताकद लागत असेल?" भागीरथीबाई तेव्हा फाटकापाशी उरलेल्या पाहुण्यांना नियम समजावून सांगत होत्या. मार्तंडरावांना स्वतः बार काढायचा धीर होईना. सगळ्यांसमोर गोळी मातीत गेली असती. म्हणून ते म्हणाले, "छे हो, यात काय आहे? माझी भाचीसुद्धा चालवते. केतकी, इकडे ये."

केतकी जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, मी हे कधी धरलेलं नाही. बाईंना विचारते."

"त्यांना काय विचारायचंय? मी आहे ना. एकच गोळी."

पाहुणे बघत होते. मामांचा चेहरा कसनुसा झाला होता. केतकीनं रिव्हॉल्वर घेतलं, लक्ष्याकडे रोखलं आणि चाप ओढला. त्या धक्क्यानं रिव्हॉल्वर उसळून मागं आलं आणि नळी तिच्या कपाळावर आदळली. नेमबाजीच्या चष्म्यामुळे डोळा वाचला. पण भुवई फुटली आणि रक्ताची धार गालावरून खाली आली.

भागीरथीबाई धावत आल्या. त्यांनी आधी रिव्हॉल्वर रिकामं केलं, मग केतकीच्या जखमेवर रुमाल दाबून धरला. दवाखान्यात टाके पडले. बाहेर बाकावर मार्तंडराव बसत होते, उठत होते, पुन्हा बसत होते.

"तिनं तुमचा मान राखला," बाई त्यांना म्हणाल्या. "तुम्हाला तिचा एवढासा हात दिसला नाही." मग त्या आत निघून गेल्या.

जखम भरली. केतकी आपलं छोटं पिस्तूल घेऊन पुन्हा मैदानात उभी राहिली. मार्तंडराव मागं उभे होते. तिनं नेम धरला. चापावर बोट गेलं आणि तिचे डोळे घट्ट मिटले. गोळी मातीत गेली. दुसरी गोळीही तिथंच गेली. तिनं पिस्तूल खाली ठेवलं.

"काय झालं गं?" मार्तंडरावांनी विचारलं.

"काही नाही मामा," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "ऊन येतं डोळ्यांवर."

घरी आल्यावर ते ओसरीवर येरझारा घालू लागले. बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवला. आपलं खोटं भाचीच्या तोंडी आलं होतं. आपण डोळे मिटले आणि वर कारण सांगितलं. तिनं तेवढंच तर शिकून घेतलं. तिची जखम भरली होती, पण भीती कुणाला सांगायची नसते, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं आणि ते त्यांनीच बसवलं होतं. दुसऱ्या कुणी हे उपटून काढण्यासारखं नव्हतं.

पुढच्या रविवारी मंडळी जमल्यावर मार्तंडराव भागीरथीबाईंपाशी गेले. "बाई, माझं रिव्हॉल्वर तुम्ही भरून द्या. त्याच्या चक्राच्या काही घरांत खरी काडतुसं घाला, काहींत झाडलेली रिकामी. कोणतं कुठं आहे, ते मला कळू देऊ नका."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. केतकीलाही बोलवा."

सगळे येऊन मागं उभे राहिले. मार्तंडरावांनी नेम धरला आणि चाप ओढला. नुसता टक् असा आवाज झाला. आत काडतूस रिकामं होतं. पण रिव्हॉल्वरची नळी कुणी खाली ओढावी तशी सपकन जमिनीकडे गेली. मार्तंडरावांचे डोळे गच्च मिटलेले होते. सगळ्यांनी ते पाहिलं. मागं कुणीतरी खाकरलं.

मार्तंडरावांनी रिव्हॉल्वर बाईंच्या स्वाधीन केलं आणि ते वळले. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"बार उडाला नाही, धक्का बसला नाही, तरी हात खाली गेला," ते म्हणाले. "ही माझी भीती आहे. हे रिव्हॉल्वर घेतलं, त्या दिवसापासून आहे. ऊन कधीच नव्हतं. ते माझ्या हाताला झेपत नाही. मी ते तुम्हा सगळ्यांना दिसावं म्हणून घेतलं. आणि माझी लाज झाकायला ते या पोरीच्या हातात दिलं."

केतकी पुढं आली. "मामा, मलाही तसंच होतं," ती म्हणाली. "पिस्तूल उचललं, की आता लागणार असं वाटतं. मला वाटलं, एकट्या मलाच होतंय."

"एकटीला नाही," जयाजीराव मागून म्हणाले. त्यांनी आपलं रिव्हॉल्वर भागीरथीबाईंपुढं ठेवलं. "बाई, माझ्यातही तशीच भरा." बाईंनी भरलं. रिकाम्या काडतुसावर जयाजीरावांचीही नळी खाली गेली. "मार्तंडराव एवढं मोठं चालवतात, मग मी हे सोडून लहान कसं घ्यावं, असं मला वाटत होतं," ते म्हणाले.

मोठं रिव्हॉल्वर मार्तंडरावांनी कावसशेठना परत केलं आणि मधलं घेतलं. त्यात ते सौम्य काडतुसं घालू लागले. केतकीनं कित्येक आठवडे भरलेल्या पिस्तुलाला हात लावला नाही. बाई तिला रिकामं पिस्तूल देत, ती डोळे उघडे ठेवून नुसता चाप ओढत राही. मामा शेजारी उभं राहून तेच करत. कधी दोघांचाही हात हलायचा, तेव्हा दोघंही तसं सांगायची आणि थांबायची.

पण त्या थंडीत केतकीला निवडीला जाता आलं नाही. संधी हुकली ती हुकलीच. मार्तंडरावांनी तिची माफी मागितली. तिनं माफ केलं, तरी निवडीच्या दिवशी ती दार लावून बसली आणि मामांना दारावर थाप मारायचा धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी ती गेली. मार्तंडराव निवडीच्या ठिकाणाबाहेर आंब्याखाली उभे होते. हात कुठं ठेवावेत, हे त्यांना कळत नव्हतं. दुपारी केतकी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं.

"मध्येच फार भीती वाटली, मामा," ती म्हणाली. "हात थरथरायला लागला."

"मग?"

"मग पिस्तूल खाली ठेवलं. सगळे बघत होते. तरी हात थांबेपर्यंत उभी राहिले."

"आणि मग?"

"मग डोळे उघडे ठेवून गोळी मारली," केतकी म्हणाली, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू तिच्या चेहऱ्यावर पसरलं. "संघात घेतलंय मला."

तात्पर्य: लोकांच्या डोळ्यांत भरावं म्हणून जो आपल्याला न झेपणारं उचलतो, त्याला भीती लपवावी लागते, आणि त्या लपवण्याची इजा त्याच्या जवळच्या माणसांना होते; आपली भीती जो उघडपणे सांगतो, त्याचा हात पुन्हा स्थिर होऊ शकतो.